गेटवे ते रेवदंडा: कॅटमरानने जाऊन खाडीत नांगर टाकून रात्र काढायची असेल तर

लगूनमध्ये नांगरलेल्या कॅटमरानचे (दोन सांगाड्यांची शिडाची बोट) फोटो बघून बऱ्याच जणांना हा नाद लागतो, निळं काचेसारखं पाणी, खाली वाळूत रुतलेला नांगर वरून स्पष्ट दिसतोय वगैरे. ते लक्षद्वीपचं किंवा मालदीवचं पाणी. मुंबईच्या आसपास तसं प्रवाळाचं लगून नाही, आपल्याकडे आहेत त्या खाड्या, पण लाट बाहेर अडते आणि आत शांत पाण्यात बोट उभी राहते हा प्रकार तोच. फरक दोन आहेत आणि दोन्ही मोठे आहेत. आपलं पाणी गढूळ, त्यामुळे नांगर नीट बसला का हे डोळ्यांनी बघता येत नाही, आणि आपल्याकडे भरती-ओहोटीचा फरक प्रचंड. तिकडे मीटर-दीड मीटर पाणी वरखाली होतं, मुंबईत उधाणाला चार मीटरपर्यंत होतं, म्हणजे बिल्डिंगचा एक मजला आणि वर थोडं. सहा तासांत. म्हणून मी शिडापासून नाही, भरतीपासून सुरू करतेय, कारण इथे नांगर टाकणं म्हणजे अर्धं काम भरतीच्या हिशोबाचं आहे आणि नवीन लोक तिथेच चुकतात.

आम्हीही तिथेच चुकलो होतो. आमची बोट ३६ फुटी, चौघांत मिळून घेतलेली, आणि पहिली रात्र बाहेर काढायची म्हणून आम्ही निवडली कोजागिरी. खाडीत नांगर टाकायचा, चांदण्यात मसाला दूध प्यायचं. पाच वाजता, ओहोटी संपत आलेली असताना रेवदंड्याच्या खाडीत शिरलो, खोली ३ मीटर दिसली, त्यात नाळेची (बोटीच्या पुढच्या टोकाची) दीड मीटर उंची धरून पुस्तकात वाचलेलं पाचपट, म्हणून २२-२३ मीटर साखळी सोडली आणि निवांत झालो. रात्री अकराच्या सुमारास दूध गरम करत होते तेव्हा समोरच्या पुलाचे दिवे मघाशी होते त्यापेक्षा मोठे दिसायला लागले. बोट नांगरासकट खाडीच्या आत चालली होती, भरती तिला ढकलत होती, आणि आमच्यापैकी कुणालाच एवढा वेळ पत्ता नव्हता. शेजारच्या मच्छीमार बोटीवरचे तांडेल काका ओरडले म्हणून नीट जागे झालो. इंजिन चालू करून, नांगर उचलून पुन्हा टाकेपर्यंत हातपाय थरथरत होते. नंतर काकांनी एकच प्रश्न विचारला, "ताई, साखळी आत्ताचं पाणी बघून सोडलीत की भरतीचं?"

उत्तर आमच्याकडे नव्हतं. आता आहे, आणि ते असं.

तारीख कशी निवडायची

लाँग वीकएंड बघून नाही, तिथी बघून. कोकणात जुना हिशोब आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन, षष्ठीला साडेचार, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, सकाळी तेवढेच आणि संध्याकाळी साधारण तेवढेच. पौर्णिमेनंतर तिथी पुन्हा एकपासून मोजायची. यात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, म्हणून निघायच्या आधी भरती-ओहोटीचं टेबल बघायचंच (मुंबईसाठी अपोलो बंदरच्या वेळा दिलेल्या असतात, त्यात पाण्याची उंचीही मीटरमध्ये असते), पण घरी कालनिर्णयसमोर उभं राहून कुठला शनिवार चालेल हे ठरवायला पाऊणपट पुरते.

पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास उधाण, पाणी जास्त चढतं, जास्त उतरतं आणि खाडीच्या तोंडाशी ओढ जोरात असते. अष्टमीच्या आसपास भांग, फरक दीड-दोन मीटरचाच, ओढ सौम्य. पहिल्या ट्रिपला भांगाचे दिवसच निवडा. आणि अष्टमीला अजून एक गोष्ट आपोआप जुळते, ती मला फार आवडते. सकाळी सहाला भरती पूर्ण होते, म्हणजे सातला गेटवेवरून निघालात की ओहोटीचं पाणी तुम्हाला बंदराबाहेर घेऊन जातं. हिवाळ्यात सकाळी मतलई वारा असतो, जमिनीवरून समुद्राकडे, तो दहा-अकरापर्यंत टिकतो. मग थोडा वेळ वारा पडतो, आणि दुपारी वायव्येचा खारा वारा सुरू होतो जो दक्षिणेला जाताना तुमच्या पाठीशी येतो. बाराला ओहोटी संपते, दोन-अडीचला रेवदंड्याला पोहोचलात तर भरती चढत असते, म्हणजे तोंडाशी वाळूत टेकलातच तरी पाणी तुम्हाला उचलून सोडवेल. ओहोटीत टेकलात तर तासन्‌तास बसून राहायचं आणि पाणी परत चढायची वाट बघायची.

महिने म्हणाल तर नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा ते मार्च सगळ्यात बरे. एप्रिल-मेमध्ये दुपारचा वारा नवख्यांना जड जातो, जून ते ऑगस्ट विषयच नाही, मांडव्याच्या प्रवासी बोटीसुद्धा पावसाळ्यात बंद असतात. पावसाळा संपला की समुद्र मोकळा असंही समजू नका, फयान वादळ नोव्हेंबर २००९ मध्ये याच किनाऱ्यावर आलं होतं, निघायच्या आदल्या रात्री आणि निघताना हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा बघायचाच.

बोटीबद्दल थोडं

कॅटमरान हा शब्द मूळचा तमिळ, कट्टुमरम, म्हणजे बांधलेली लाकडं. दोन सांगाडे, मध्ये डेक, पुढे जाळी. फायदे माहितीच असतील, कलत नाही, चहाचा कप टेबलावर राहतो, उथळ पाण्यातही चालते, दोन इंजिनं असतात त्यामुळे एक पुढे एक मागे करून जागच्या जागी वळते.

पण जे सांगितलं जात नाही ते हे की कलत नाही हाच धोका आहे. एका सांगाड्याची बोट जास्त वारा झाला की आडवी झुकून तुम्हाला सांगते. कॅटमरान काहीच सांगत नाही, नुसती पळत राहते आणि सगळा ताण डोलकाठीवर आणि तारांवर जातो. म्हणून शीड कमी करायचं ते वाऱ्याचा मीटर बघून, मनाने नाही. आम्ही सलग १५ नॉट दिसले की पहिला रीफ घेतो, म्हणजे शीड थोडं गुंडाळून लहान करतो, बोटीच्या मॅन्युअलमध्ये आकडे दिलेले असतात ते बघा आणि नवीन असाल तर त्याच्याही आधी घ्या. दुसरं म्हणजे वजन. जागा भरपूर दिसते म्हणून लोक पाण्याचे कॅन, बर्फाचे डबे, तीन-तीन बॅगा भरतात आणि बोट जड झाली की कॅटमरानची सगळी मजा जाते, मधला डेक लाटांवर आपटायला लागतो, तो आवाज ऐकून पहिल्यांदा वाटतं बोट फुटली. पिण्याचं पाणी मात्र माणशी दिवसाला तीन-चार लिटर धराच, त्यात कंजुषी नको.

कागदपत्रं, बोटीची नोंदणी, विमा, चालवणाऱ्याचा परवाना आणि प्रत्येकाचं ओळखपत्र, हे सगळं बोटीवर हवं, सागरी पोलीस कधीही थांबवून विचारतात आणि विचारलंच पाहिजे. किनाऱ्यावरच्या एका माणसाला लिहून द्या, किती जण, कुठे चाललो, कधीपर्यंत फोन आला नाही तर काळजी करायची. तटरक्षक दलाचा नंबर १५५४, सगळ्यांच्या फोनमध्ये. व्हीएचएफ रेडिओ १६ नंबरच्या चॅनलवर चालूच. आणि लाइफ जॅकेट बंदर सोडायच्या आधी अंगावर, बाकाखाली नाही. १८ डिसेंबर २०२४ ला घारापुरीला जाणाऱ्या बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली ती भर दुपारी, शांत पाण्यात, गेटवेपासून काही फार लांब नाही. जॅकेट शोधायला वेळ मिळत नाही.

जाताना

गेटवेवरून निघालात की डावीकडे जवाहर द्वीपाकडे किंवा नौदलाच्या गोदीकडे अजिबात वळायचं नाही, ती बंद हद्द आहे. मोठ्या जहाजांचा चॅनल आडवा, काटकोनात ओलांडायचा आणि पटकन ओलांडायचा. जहाज लांब दिसतं, हळू दिसतं, पण ते तुमच्यासाठी थांबू शकत नाही आणि त्याच्या नाळेखाली तुम्ही त्यांना दिसतही नाही. जहाजाकडे होकायंत्राने दोन-तीन मिनिटं बघत राहा, दिशा बदलत नसेल आणि जहाज मोठं होत असेल तर टक्कर होणार, तुम्ही वळा.

उजवीकडे कुलाब्याच्या टोकाला प्राँग्सचं दीपगृह, १८७५ सालचं, आणि त्याच्याभोवती खडक, त्याला लांबूनच नमस्कार. पुढे थळसमोर खांदेरी-उंदेरी. खांदेरीच्या आतून छोट्या मच्छीमार बोटी जाताना दिसतील, त्यांच्या मागे जायचा मोह होईल, जाऊ नका, त्यांना तिथला एकेक खडक पाठ आहे. तुम्ही खांदेरी डावीकडे ठेवून बाहेरून जा. गेटवेपासून खांदेरी साधारण १३-१४ सागरी मैल आणि रेवदंडा २५, पाच नॉटने पाच तास, पण वारा पडणार हे धरून सात तास हाताशी ठेवा.

या पट्ट्यात सगळ्यात जास्त लक्ष जाळ्यांवर. थर्माकोलचे तुकडे, प्लास्टिकचे कॅन, बांबूला बांधलेलं काळं फडकं, हे दिसलं की एक माणूस पुढे नाळेवर उभा करायचा. ओळीने दोन बांबू दिसले तर मधून जायचं नाही, मध्ये दोर असतो. चुकून वरून गेलातच तर लगेच दोन्ही इंजिनं न्यूट्रल, पाण्याखालचा पंखा थांबू द्या, बोट वाहत पुढे जाईल. आणि पंख्यात दोर अडकलाच तर आधी आसपास मच्छीमार बोट आहे का बघा, हाक मारा, सुरी शेवटी. ते जाळं कुणाच्या तरी घरचं महिन्याचं धान्य आहे, आपण हौशीसाठी आलोय.

अलिबागच्या पुढे चौल काडूचा खडक आहे, नकाशावर त्याच्याभोवती पेनाने गोल करून ठेवा आणि त्याला मोठी बगल द्या.

नांगर

आता मुख्य भाग. रेवदंड्याच्या तोंडाशी दक्षिणेला कोरलईचा डोंगर, वर पोर्तुगीजांचा किल्ला. डोंगराच्या आत शिरलात की लाट मोडते आणि एकदम शांत होतं, आपलं लगून ते हेच. (कोरलई गावातल्या ख्रिश्चन वस्तीत आजही पोर्तुगीजमिश्रित बोली बोलतात, उतरलात तर चर्चच्या बाजूला कान देऊन ऐका.) तोंडाशी वाळूचे बांध दर पावसाळ्यात सरकतात, त्यामुळे मागच्या वर्षीच्या ट्रॅकवर विश्वास नको, चढत्या पाण्यात, हळू, खोली मोठ्याने वाचत आत जायचं. शीड बाहेरच उतरवा. पुलाच्या खाली जायचा विचार करू नका, डोलकाठी आहे.

आत आलात की लगेच नांगर टाकायचा नाही. एक चक्कर मारा. बार्ज कुठून जातात, मच्छीमारांच्या बोटी कुठे बांधलेल्या आहेत, त्यांची तोंडं कुठे आहेत, म्हणजे ओढ कुठून येतेय. त्यांच्या बांधायच्या जागेपासून लांब. मग ठरवलेल्या जागेभोवती एक गोल फेरी मारून खोली बघा, कारण रात्री बोट फिरणार आहे, तुमचा गोल मोठा असतो, त्या गोलात कुठेही उथळ नको.

हिशोब असा. आत्ताची खोली घ्या. टेबलमधली भरतीची उंची वजा आत्ताची उंची, हा फरक त्यात मिळवा. नाळेची पाण्यापासून उंची मिळवा. येईल त्याला पाचने गुणा, रात्रभर राहायचं आणि वारा असेल तर सातने. आमच्या कोजागिरीचंच उदाहरण, खोली ३ मीटर, तेव्हा पाण्याची उंची १ मीटर, मध्यरात्रीची भरती ४.४, म्हणजे पाणी अजून ३.४ चढणार होतं, भरतीला खोली ६.४, नाळ दीड मीटर, एकूण ७.९. पाचपट म्हणजे ४० मीटर. आम्ही सोडली होती २२-२३, म्हणजे मध्यरात्री तिपटीहूनही कमी उरणार होती. साखळी कमी पडली की ती वर खेचली जाते, नांगराची दांडी उचलली जाते आणि पातं चिखलातून निघतं, एवढी साधी गोष्ट आहे. उलटा हिशोबही करायचा, ओहोटीला पाणी किती उरेल. ३ मीटरमधून ०.६ गेलं तर २.४, आमची बोट १.१ मीटर पाण्यात बुडते, खाली १.३ उरतं, चालतं. आणि हो, तुमचं खोलीचं यंत्र पाण्याच्या पृष्ठभागापासून मोजतं की बोटीच्या तळापासून हे आधीच एका दोरीला वजन बांधून तपासून घ्या, यात मीटरभराचा घोळ होतो.

टाकताना बोटीचं तोंड वारा किंवा ओढ, ज्याचा जोर जास्त त्याच्याकडे. सुकाणूवर नवरा, नाळेवर मी, आणि आम्ही बोलत नाही, फक्त हाताच्या खुणा, कारण इंजिनात ओरडलेलं ऐकू येत नाही आणि निम्मी भांडणं नांगर टाकतानाच होतात. मूठ म्हणजे थांब, हात पुढे म्हणजे पुढे, मागे म्हणजे मागे, हाताचं बोट खाली म्हणजे सोडतेय. बोट पूर्ण थांबली की नांगर खाली उतरवायचा, फेकायचा नाही, नाहीतर साखळीचा ढीग नांगरावरच पडतो. तळाला लागला की सावकाश मागे जायचं आणि साखळी तेवढीच सोडत जायची, आम्ही दर दहा मीटरला रंगाची खूण केली आहे. पूर्ण सुटली की ब्रायडल लावायचा, म्हणजे दोन्ही नाळांवरून येणारे दोन नायलॉनचे दोर, मध्ये हुक, तो साखळीला अडकवायचा आणि साखळी थोडी सैल सोडायची म्हणजे ताण दोरांवर येतो. हे कॅटमरानला हवंच, नाहीतर बोट रात्रभर डावी-उजवीकडे झोके घेत राहते. दोन्ही दोर सारख्या लांबीचे, बोटीच्या रुंदीएवढे तरी.

मग परीक्षा. दोन्ही इंजिनं मागे, आधी हळू, मग मध्यम, अर्धा मिनिट. त्याच वेळी किनाऱ्यावरच्या दोन गोष्टी एका रेषेत धरा, पुढे माड आणि मागे घराचा कोपरा असं काहीही. रेषा मोडली नाही तर नांगर बसला. आणि आपल्या गढूळ पाण्यासाठी सगळ्यात खात्रीचं म्हणजे नाळेवर पालथं पडून साखळीवर तळहात ठेवायचा. बसलेला नांगर असेल तर साखळी ताठ आणि मुकी असते. सरकत असेल तर हाताला खरखर लागते, मध्ये थांबते, परत लागते, खडबडीत रस्त्यावरून सायकल ढकलताना हँडलला लागते तशी. ती एकदा हाताला कळली की आयुष्यभर कळते. काकांनी त्या रात्री माझा हात धरून साखळीवर ठेवला होता.

रात्र

अंधार पडताच डोलकाठीवर चहूबाजूंनी दिसणारा पांढरा दिवा, न चुकता. फोनवर नांगराचा अलार्म, त्याचा घेर साखळी अधिक बोटीची लांबी, आणि फोन चार्जिंगला. मुख्य अलार्म मात्र घड्याळाचा लावा, पाणी फिरायच्या वेळेचा. भरतीची ओहोटी होते तेव्हा बोट अख्खी उलटी फिरते, नांगरावर उलट्या बाजूने ताण येतो आणि तो निघायचा असेल तर तेव्हाच निघतो. डॅनफोर्थ पद्धतीचा चपटा नांगर चिखलात घट्ट बसतो पण अशा वेळी कधी कधी सुटतो, शेतातल्या नांगराच्या फाळासारखा असतो तो फिरून परत रुततो, आम्ही तोच वापरतो. त्या पहिल्या वळणाला अर्धा तास कुणीतरी जागं राहायचं, हात साखळीवर, नजर किनाऱ्यावरच्या दोन दिव्यांवर. अजून एक, कॅटमरान पाण्यात उथळ आणि वर उंच, म्हणून ती वाऱ्याचं ऐकते, शेजारची खोल बोट ओढीचं ऐकते, दोन्ही एकाच दिशेला फिरतील असं धरू नका, अंतर ठेवा.

डासांसाठी जाळी आणा. कचरा, अगदी कांद्याचं सालसुद्धा, परत मुंबईला.

निघताना

दुसऱ्या दिवशी नवमी, पावणेसातच्या सुमारास भरती पूर्ण होईल. चहा होऊ दे, पाणी फिरलं की निघा, ओहोटी खाडीबाहेर काढेल आणि मतलई उजवीकडून मिळेल, उत्तरेला जायला यापेक्षा चांगला वारा नाही. उशीर केलात तर दुपारचा वायव्य वारा थेट तोंडावर येतो आणि कॅटमरान वाऱ्याच्या तोंडावर चढायला आळशी असते, तासन्‌तास आपटत बसाल. एकच्या आसपास प्राँग्सला पोहोचलात की भरती सुरू झालेली असते, ती बंदरात आत घेते.

नांगर उचलताना विंचने (साखळी ओढून घेणाऱ्या यंत्राने) बोट ओढायची नाही, इंजिनने हळूहळू नांगराच्या वर जायचं आणि विंचने फक्त सैल साखळी गोळा करायची. चिखल काळा, चिकट, वास मारणारा येतो, बादली आणि ब्रश नाळेवर आधीच ठेवा, साखळी आत घेतानाच धुवा, नाहीतर तो वास आठवडाभर बोटीत राहतो. नांगर निघत नसेल तर साखळी उभी ताठ करून बांधा आणि पाच मिनिटं थांबा, चिखल हळूहळू सोडतो, घाई करून इंजिनने हिसके देऊ नका.

हे सगळं रेवदंड्याला पहिल्यांदा करू नका मात्र. आधी दोन-तीन रविवार मांडव्याला जा, दिवसा, धक्क्यापासून आणि बोटींच्या वाटेपासून लांब नांगर टाका, जेवा, उचला, परत टाका. प्रवासी बोटींच्या लाटांनी हेलकावे बसतात म्हणून रात्रीसाठी ती जागा मला आवडत नाही, पण सरावाला उत्तम. एका दुपारी चार वेळा टाका, चारही वेळा हिशोब कागदावर करा, आणि प्रत्येकाला एकदा तरी नाळेवर पालथं पाडून साखळीवर हात ठेवायला लावा.